छतावरचा डिटेक्टर वाजतो. पण निरोप पोचतो का?

प्रति,
उत्तर अमेरिकेतील सर्व महाराष्ट्र मंडळांचे अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य



मंडळाच्या वर्षभराच्या कार्यक्रमपत्रिकेत संक्रांतीचं हळदीकुंकू असतं, पाडवा असतो, गणपती, दिवाळी, भारतातून आलेलं एखादं नाटक असतं. मधूनच टॅक्स किंवा मृत्युपत्र अशा रुक्ष विषयावर व्याख्यानही असतं आणि त्याला गर्दी होते. त्याच रुक्ष खात्यात आणखी एका दुपारची भर घाला, एवढं मागण्यासाठी हे पत्र. विषय आहे घराच्या छतावरचा धूर ओळखणारा बिनतारी डिटेक्टर, आणि त्याचा निरोप शेवटपर्यंत पोचतो की नाही हे कसं तपासायचं.

मी मध्य न्यू जर्सीत घरोघरी अलार्म बसवतो आणि बिघडले की दुरुस्त करतो. एडिसन, आयसेलिन, प्लेन्सबरो या पट्ट्यात आपल्या लोकांची घरं इतकी, की कामाच्या दिवशी कुठे ना कुठे आल्याचा चहा मिळतोच. चहाबरोबर हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "आमचा अलार्म एकदम चालू आहे हो. परवाच मिरचीच्या फोडणीला कोकलला."

कोकलला, ते ठीक. पण घराबाहेर कुणाला कळलं का? हे विचारलं की बहुतेक घरांत नवरा बायकोकडे बघतो आणि बायको पॅनेलकडे.

दरमहा पैसे भरतो ते कोकलण्यासाठी नव्हे. हार्डवेअरच्या दुकानातला स्वस्तातला अलार्मही तेवढं काम करतो. पैसे भरायचे ते अशासाठी, की घरी कुणी नसताना किंवा सगळे गाढ झोपेत असताना दुसऱ्या कुठल्या राज्यातल्या मॉनिटरिंग स्टेशनवर बसलेल्या माणसाला धुराचा निरोप मिळावा आणि त्याने अग्निशमन दलाला कळवावं. छतापासून त्या माणसाच्या पडद्यापर्यंत आणि तिथून परत तुमच्यापर्यंत निरोप तीन टप्प्यांनी जातो. डिटेक्टरपासून भिंतीवरच्या पॅनेलपर्यंत रेडिओने, पॅनेलपासून स्टेशनपर्यंत मोबाइलच्या जाळ्यातून किंवा इंटरनेटवरून, आणि स्टेशनपासून तुमच्या फोनपर्यंत. हे तिन्ही टप्पे आपापले, स्वतंत्रपणे तुटतात. तुटल्यावर घरात मात्र ऐकू येते ती एकच बीप. बॅटरी उतरली तरी बीप, सेन्सर बेपत्ता झाला तरी बीप, स्टेशनशी संपर्क तुटला तरी बीप. आमच्या धंद्यातल्या लोकांनी हे केव्हाच सोपं करायला हवं होतं, पण केलं नाही. मग माणसं काय करतात? बीप बंद कशी करायची तेवढं शिकून घेतात.

अमेरिकेत घरांच्या आगींत होणाऱ्या मृत्यूंपैकी पाचांत तीन अशा घरांत होतात, जिथे धुराचा अलार्म नव्हताच किंवा होता पण चालला नाही, असं एनएफपीए ही आगीच्या सुरक्षिततेचे नियम लिहिणारी संस्था सांगते. यातल्या "होता पण चालला नाही" या भागाशी माझा रोजचा संबंध.

पहिली तपासणी अगदी प्राथमिक आहे आणि तिथेच निम्मी घरं गडबडतात. छतावरचा तो पांढरा डबा तुमच्या अलार्मच्या यंत्रणेचा आहे तरी का? इथल्या नव्या घरात बिल्डर प्रत्येक बेडरूममध्ये, बेडरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये आणि प्रत्येक मजल्यावर १२० व्होल्टवर चालणारे, एकमेकांना वायरने जोडलेले अलार्म लावून देतो. एक वाजला की सगळे वाजतात. चांगली सोय आहे, पण ही सगळी आरडाओरड घरातल्या घरात. त्यानंतर तुम्ही मॉनिटरिंग घेता, तंत्रज्ञ येतो, दारं-खिडक्यांना सेन्सर लावतो आणि पॅसेजमध्ये एखादाच बिनतारी डिटेक्टर बसवतो. पॅनेलशी बोलतो तो तेवढाच. बाकीचे सात-आठ डबे तुमच्या मासिक बिलाला ओळखतही नाहीत. ओळखायची खूण सोपी आहे. डबा फिरवून खाली काढा. मागे छतातून आलेला वायरींचा जाड प्लग दिसला तर तो बिल्डरचा. मागे नुसत्या बॅटऱ्या असतील आणि काढताक्षणी पॅनेल कुरकुरलं, तर तो यंत्रणेचा. मागे नुसत्याच बॅटऱ्या आहेत आणि पॅनेल ढिम्म, तर एक तर तो सुटा अलार्म आहे, नाही तर आपल्याला काम लागलं.

बिल्डरच्या अलार्मांना यंत्रणेत ओढून घेण्याचा एक मार्ग आहे. कान देऊन बसणारं एक छोटं उपकरण त्यांच्याशेजारी लावतात. धुराच्या अलार्मचा इशारा ठरलेल्या तालात असतो: तीन लांब आवाज, विराम, पुन्हा तीन. कार्बन मोनॉक्साइडचा चारचा. हा तीनचा ताल ऐकला की ते उपकरण पॅनेलला रेडिओने कळवतं. घरातले सगळे वायरचे अलार्म एकमेकांना जोडलेले असल्यामुळे बहुधा असं एकच उपकरण पुरतं. खर्च फार नाही. पण घर विकत घेताना किंवा करार करताना हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, आणि विकणाराही आपणहून सांगत नाही.

आता रेडिओ. जुन्या पद्धतीचे बरेच बिनतारी डिटेक्टर ३४५ किंवा ३१९.५ मेगाहर्ट्झवर बोलतात, आणि फक्त बोलतात. पॅनेलने ऐकलं की नाही हे त्यांना कळायची सोय नाही, म्हणून तोच निरोप ते लागोपाठ अनेकदा फेकतात. ९१५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारे नवे सेन्सर दोन्ही बाजूंनी बोलतात आणि पोच मिळेपर्यंत प्रयत्न करतात. तुमच्याकडे कुठले आहेत ते पॅनेलच्या वयावरून साधारण कळतं.

आग नसतानाही डिटेक्टर गप्प नसतो. जुन्यांपैकी बरेच साधारण तासा-दीड तासाने पॅनेलला "मी आहे" असं कळवत असतात, शाळेतल्या हजेरीसारखं. आगीच्या सेन्सरची हजेरी बऱ्याच पॅनेलांत चार तासांच्या मुदतीत लागावी लागते. ती हुकली की पॅनेल त्या सेन्सरचं नाव घेऊन तक्रार करतं. ही तक्रार कधीतरीच येते आणि आपोआप मिटते, म्हणून लोक ती मनावर घेत नाहीत. मला मात्र हीच तक्रार सगळ्यांत मोलाची वाटते, कारण ती आग लागण्याआधी सांगते की या डिटेक्टरचा आवाज पॅनेलला जेमतेम ऐकू येतो आहे.

एका घरी वरच्या मजल्यावरच्या पॅसेजमधला डिटेक्टर असाच अधूनमधून बेपत्ता व्हायचा. बॅटऱ्या नव्या, डिटेक्टरही नवा. पॅनेल होतं गराजमधून आत येताना लागणाऱ्या मडरूममध्ये. पॅनेलच्या आतल्या चाचणीच्या मेनूत सिग्नलची ताकद दिसते. तिथे खालच्या मजल्यावरच्या सेन्सरांचे आकडे उत्तम आणि या एकाचा तळाला. मी गराजमध्ये गेलो, तर त्या भिंतीच्या पलीकडे, बरोब्बर पॅनेलच्या पाठीला पाठ लावून, माणसाच्या उंचीचा डीप फ्रीझर उभा. खवलेला नारळ, पुरणपोळ्या, उन्हाळ्यात पेट्यांनी आणलेल्या आंब्यांचा रस. "हा कधी घेतला?" "गेल्या मे महिन्यात." तक्रार कधीपासून? यावर दोघंही हसायला लागले. रेडिओच्या वाटेत एवढा मोठा धातूचा पत्रा आला की निरोप त्याला वळसा घालून, इकडेतिकडे आदळत, जमेल तेवढाच पोचतो. फ्रीझर दुसऱ्या भिंतीला गेला आणि आकडा वर आला. तो हलवणं शक्य नसतं तर वरच्या मजल्यावर एक रिपीटर लावला असता, म्हणजे निरोप झेलून पुढे जोरात फेकणारं उपकरण. फ्रीझरखेरीज नेहमीचे संशयित म्हणजे एअर कंडिशनिंगचे डक्ट, अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेलं इन्सुलेशन, भिंतभर आरसे आणि बेसमेंटमध्ये लपवलेलं पॅनेल. स्वस्तातले एलईडी दिवे आणि चार्जरही रेडिओत खरखर वाढवतात. पॅनेलला चिकटून वायफायचा राउटर ठेवला असेल तर आधी तो दूर करा.

बॅटरीचं प्रकरण यापेक्षा सोपं, पण लोक वैतागतात ते इथेच. यातल्या बऱ्याच डिटेक्टरांत सीआर१२३ए नावाची ३ व्होल्टची लिथियम बॅटरी असते. ती उतरत आली की डिटेक्टर स्वतः चिवचिवतो आणि पॅनेललाही कळवतो. हे नेमकं पहाटे तीनला का सुरू होतं, हा प्रश्न मला फार वेळा विचारला जातो. उत्तर असं, की घर पहाटे सगळ्यांत गार असतं, गारव्यात बॅटरीचा व्होल्टेज थोडा खाली येतो आणि सीमेवरची बॅटरी सीमा ओलांडते. सकाळी हीटिंग सुरू झालं की आवाज थांबतो आणि विषयही विसरला जातो. पहाटे तीनला शिडीवर चढलेला माणूस बॅटरी काढतो, डिटेक्टर कपाटाच्या खणात टाकतो, आणि तो तिथे दोन वर्षं राहतो. मी असे डिटेक्टर मोज्यांच्या खणातून काढले आहेत, देवघराखालच्या कप्प्यातून काढले आहेत. डिटेक्टर पायापासून सुटला की "मला उघडलं" हा निरोप पॅनेलकडे जातो, पुढे बहुधा स्टेशनकडेही जातो, आणि स्टेशन ईमेल पाठवतं. ती ईमेल जाहिरातींच्या ढिगात पडते.

बॅटरी बदलतानाही एक गोम आहे. एखाद्या डिटेक्टरला दोन बॅटऱ्या लागत असतील तर दोन्ही एकदम बदला, आणि त्या नावाजलेल्या कंपनीच्या घ्या. अर्ध्या किमतीचं पाकीट घेतलं तर चार महिन्यांत पुन्हा शिडी. बदलल्यावर डिटेक्टर पायावर नीट फिरवून बसवा, चाचणीचं बटण दाबा आणि पॅनेलवरची तक्रार जाते का बघा. ती आपोआप गेली नाही तर यंत्रणा एकदा कोड टाकून रीसेट करावी लागते. आणि डिटेक्टर हातात आहेच तर मागचा कागद वाचा. तिथे बनवल्याची तारीख असते. एनएफपीए ७२ या नियमावलीनुसार धुराचा अलार्म बनवल्यापासून १० वर्षांनी बदलायचा असतो, मग तो वाजत असो वा नसो. तुम्ही २०१२ साली घर घेतलं आणि डिटेक्टर बिल्डरच्या काळातला असेल, तर हिशेब तुमचा तुम्हीच करा.

नवा डिटेक्टर आणताना आपले इंजिनिअर लोक एक पायरी गाळतात. प्रत्येक बिनतारी डिटेक्टरला स्वतःचा अनुक्रमांक असतो आणि पॅनेलला तो शिकवावा लागतो. ऑनलाइन मागवून, तंतोतंत जुन्यासारखा दिसणारा नवा डिटेक्टर त्याच जागी लावला. हिरवा दिवा लुकलुकतो, बटण दाबलं की कानठळ्या बसवतो. घरमालक खूश. पॅनेल मात्र अजून कचऱ्यात गेलेल्या जुन्याची वाट बघत बसलेलं असतं, आणि थोड्या वेळाने तक्रार करतं ती त्या जुन्याचीच. त्यामुळे घरमालकाचा समज होतो की पॅनेलच बिघडलं. शिकवणं अवघड नाही, पाच मिनिटांचं काम आहे. पण ते करताना सेन्सरचा प्रकार "आग" असाच लावायला हवा. तो चुकून खिडकीच्या सेन्सरसारखा नोंदवला गेला, तर अलार्म लावलेला नसताना म्हणजे तुम्ही घरात असताना धूर होऊनही पॅनेल काही करणार नाही. आगीचा झोन चोवीस तास जागा असावा लागतो. म्हणून चाचणी नेहमी अलार्म बंद ठेवून करायची. तेव्हाही निरोप गेला तरच खरं.

दुसरा टप्पा, पॅनेल ते स्टेशन, यावर फार शब्द खर्च करत नाही, पण एक तारीख सांगतो: २२ फेब्रुवारी २०२२. त्या दिवशी एटी अँड टीने आपलं ३जी जाळं बंद केलं. व्हेरायझनने त्याच वर्षाअखेरीस केलं. अलार्म उद्योगाने ही मुदत वाढवून मिळावी म्हणून दूरसंचार नियामक एफसीसीकडे अर्जही केला होता, कारण असंख्य घरांतली पॅनेलं ३जीवरच स्टेशनशी बोलत होती. ज्यांचा आतला मोबाइलचा भाग बदलला गेला नाही, त्यांच्या घरी आजही डिटेक्टर पॅनेलला कळवतो, पॅनेल भोंगा वाजवतं, आणि पुढे काहीही होत नाही. याच जातीची दुसरी गोष्ट म्हणजे जुन्या टेलिफोन लाइनवरची यंत्रणा आणि मध्येच केबल कंपनीकडून घेतलेला इंटरनेटचा फोन. अलार्मचे सूर इंटरनेटच्या फोनवरून जाताना विस्कटतात. आणि तिसरी: तुम्ही जुनं घर घेतलंत, भिंतीवर पॅनेल होतं, कोडही मालकाने लिहून दिला, पण मॉनिटरिंगचं खातं त्याच्या नावावर होतं आणि त्याने ते बंद केलं. पॅनेल तसंच लुकलुकत राहतं.

यावर उपाय एकच, आणि माझ्या मते या पत्रातला सगळ्यांत कामाचा भाग तोच. स्टेशनला फोन करा, पासवर्ड सांगा आणि खातं तासाभरासाठी चाचणीवर टाकायला सांगा. मग एकेका डिटेक्टरचं बटण दाबून धरा. काहींना दहा-पंधरा सेकंदं लागतात, घाई करू नका. पॅनेलवर नाव उमटलं का बघा. ते घरातल्या जागेशी जुळतं का तेही बघा. "बेसमेंट" असं लिहिलेला डिटेक्टर आजोबांच्या बेडरूममध्ये निघालेला मी पाहिलेला आहे, आणि आगीचा बंब आल्यावर फायरमन कुठल्या दिशेने धावेल ते त्या नावावर ठरतं. शेवटी स्टेशनला पुन्हा फोन करून विचारा, "तुम्हाला काय काय मिळालं, ते वाचून दाखवा." वाचून दाखवा म्हणायचं, "मिळालं का" म्हणायचं नाही, नाही तर समोरून नुसतं हो येतं. त्यांच्या पडद्यावर आकडे असतात. कॉन्टॅक्ट आयडी नावाच्या जुन्या, पण अजून सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत ११० म्हणजे आग आणि १११ म्हणजे धूर. ३८१ म्हणजे बिनतारी सेन्सरची हजेरी चुकली, ३८३ म्हणजे कुणी तो उघडला, ३८४ म्हणजे त्याची बॅटरी उतरली, आणि ६०२ म्हणजे पॅनेलने आपणहून पाठवलेली ठरलेली चाचणी. मागच्या महिन्यात किती ६०२ आले तेही विचारा. एकही नसेल आणि तुमच्या करारात ही चाचणी असेल, तर दुसरा टप्पा केव्हाचा तुटलेला आहे. एक सावधगिरी: खातं चाचणीवर असताना खरा धूर झाला तरी स्टेशन बंब पाठवत नाही. तेवढ्या वेळात काही झालं तर बाहेर पडून ९११ तुम्हीच लावायचा.

आणि हे सांगितलं की वास्तुशांतीचा विषय निघतोच. नव्या घरात होम करायचा, दिवाणखान्यात समिधा आणि तूप, आणि वर डिटेक्टर. काहीजण त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधतात, काही शॉवर कॅप चढवतात, काही सरळ काढून ठेवतात. पूजेनंतर जेवणं होतात, पाहुणे जातात, आणि पिशवी तिथेच राहते. त्यापेक्षा पूजेच्या वेळेपुरतं खातं चाचणीवर टाका, भोंगा वाजला तर कोड टाकून थांबवा, दारं-खिडक्या उघडा आणि घरातल्या एका माणसाकडे आगीवर लक्ष ठेवायचं काम द्या. गुरुजी बहुधा याला तयार असतात. त्यांनी अमेरिकेत इतके होम केलेले असतात की बॅटरी कुठे असते ते यजमानापेक्षा त्यांनाच ठाऊक.

रोजच्या फोडणीचं काय? अमेरिकेत डिटेक्टरच्या कसोटीसाठी यूएल या संस्थेची मानकं आहेत, आणि त्यांच्या नव्या आवृत्त्यांत स्वयंपाकाच्या धुराने उगाच वाजू नये यासाठी एक खास परीक्षा घातलेली आहे: गोठवलेल्या हॅम्बर्गरच्या टिक्क्या भाजून बघतात. सुक्या लाल मिरच्यांची फोडणी त्या परीक्षेत नाही. ती असती तर किती डिटेक्टर पास झाले असते याचा मला अंदाज आहे. चेष्टा बाजूला, चुलीपासून १० फुटांच्या आत धुराचा डिटेक्टर नको. इथली बरीच चिमणीवजा हुडं धूर बाहेर न टाकता गाळून परत खोलीतच सोडतात, ते तुमचं आहे का ते एकदा बघून घ्या. स्वयंपाकघरात पॅनेलशी जोडलेला उष्णतेचा डिटेक्टर लावता येतो, जो साधारण १३५ फॅरनहाइटला वाजतो. पण तो वाढीव म्हणून, धुराच्या डिटेक्टरच्या बदल्यात नव्हे. झोपलेल्या माणसापर्यंत धूर उष्णतेच्या कितीतरी आधी पोचतो.

आता तिसरा टप्पा, ज्यासाठी मी हे पत्र अलार्म कंपन्यांना न लिहिता तुम्हाला लिहितो आहे. निरोप स्टेशनला मिळाला. अनेक स्टेशनं बंब पाठवण्याआधी घरी किंवा यादीतल्या पहिल्या नंबरला फोन करतात. तुमच्या फोनवर अनोळखी नंबर दिसतो. तुम्ही अनोळखी नंबर गप्प करायची सोय लावून ठेवलेली असते, कारण दिवसाला दहा जण गाडीची वॉरंटी विकायला फोन करतात. किंवा तुम्ही दोघंही डिसेंबरात पुण्याला आहात आणि यादीत दोघांचेच अमेरिकन नंबर आहेत. किंवा, आणि हे आपल्याच घरांत जास्त, घरी भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा आहेत.

काही पॅनेलांतून स्टेशनचा माणूस थेट भिंतीवरच्या स्पीकरवर बोलतो. एका घरी आजी एकट्या होत्या. लेक आणि जावई कामावर. आजींनी तूप कढवायला ठेवलं आणि फोन आला म्हणून बाहेरच्या खोलीत गेल्या. डिटेक्टर वाजला आणि मिनिटभरात भिंतीतून एक बाई इंग्रजीत बोलायला लागली. आजी तिला म्हणाल्या, "कोण हवंय?" बाईने पासवर्ड विचारला. आजींना वाटलं, कुणीतरी इंटरनेटचा पासवर्ड मागतंय, आणि लेकीने बजावून ठेवलं होतं की पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही. त्यांनी सांगितला नाही. बाईने नियमाप्रमाणे बंब पाठवला. तूप तोवर त्यांनी बंद केलेलं होतं. बंब आला, चार जण बूट घालून आत आले, नंतर टाउनशिपकडून खोट्या अलार्मची नोटीस आली. मला यात आजींची चूक कुठेच दिसत नाही. लेक-जावयांनी पॅनेल दाखवलं होतं, अलार्म लावायचा-काढायचा कोड शिकवला होता. भिंत बोलेल हे सांगितलं नव्हतं.

आणि तूप बंद केलं नसतं, आग खरी असती, तर आजींनी काय करायला हवं होतं? बाहेर पडायचं. पासवर्ड, पॅनेल, फोन, सगळं सोडून. हे त्यांना मराठीत, त्यांच्याशेजारी बसून, एकदा बाहेर पडून दाखवूनच सांगायला हवं. ते स्टेशन करणार नाही आणि माझ्यासारखा तंत्रज्ञ अर्ध्या तासाच्या भेटीत करू शकत नाही. मंडळ करू शकतं.

म्हणून मागणं असं. दर ऑक्टोबरात, १८७१ च्या शिकागोच्या आगीच्या स्मरणार्थ, ९ तारीख ज्या आठवड्यात येते तो इथे आगप्रतिबंध सप्ताह म्हणून पाळतात. त्या सुमारास स्थानिक अग्निशमन दलाची माणसं अशा कार्यक्रमांना बोलावलं की बहुधा आनंदाने येतात. मंडळाने त्या आठवड्याच्या शेवटी एक दुपार ठेवावी. हॉलमध्ये स्लाइड दाखवत बसू नये. एखाद्या सभासदाच्या घरी पंधरा-वीस जणांनी जमावं, खातं चाचणीवर टाकावं, स्पीकरवर स्टेशनशी बोलावं आणि त्या घरातला प्रत्येक डिटेक्टर दाबून शेवटच्या माणसापर्यंत निरोप गेला का ते सगळ्यांसमोर बघावं. घरमालकाची थोडी फजिती होईल, होऊ द्या. भारतातून आलेल्या ज्येष्ठांना आग्रहाने बोलवावं आणि भिंतीतला आवाज त्यांना त्या दिवशी ऐकवावा. घरी परत गेल्यावर प्रत्येकाने स्टेशनचा नंबर फोनमध्ये नावानिशी साठवावा, म्हणजे तो अनोळखी राहणार नाही, आणि यादीत एक तरी असा शेजारी घालावा जो डिसेंबरात भारतात जात नाही.

ज्येष्ठांसाठी एका पानाचं मराठी कार्ड मी लिहून देतो. मोठ्या अक्षरांत, चार-पाच वाक्यांचं: आवाज आला की गॅस बंद करता आला तर करा, नाही तर थेट बाहेर; भिंतीतून किंवा फोनवर कुणी इंग्रजीत बोललं तर काय म्हणायचं, ते देवनागरीत लिहिलेलं इंग्रजी वाक्य; घराचा पत्ता आणि ९११. मंडळांनी ते छापून वाटावं, वृत्तपत्रिकेत घालावं, हवा तसा बदल करावा. माझं नाव घालायची गरज नाही. फक्त पासवर्डसाठी कार्डावर रिकामी जागा ठेवलेली नाही, ती कुणी वाढवू नये. तो शब्द आजींना पाठ करून द्यायचा, आणि शक्यतो मराठी, पण इंग्रजी बोलणाऱ्यालाही ओळखता येईल असा निवडायचा. "ज्ञानेश्वरी" नको. "मोदक" चालेल.

आपला,
एक अलार्म तंत्रज्ञ
मध्य न्यू जर्सी